एनवायसी फेरी: बोट एक नंबर, पण तिकिटामागचा हिशोब बघायलाच हवा

न्यूयॉर्कला नव्याने राहायला आलेली मंडळी दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारतात की ऑफिसला जायला सबवे (भुयारी रेल्वे) बरी का एनवायसी फेरी, म्हणजे शहराची प्रवासी बोट, आणि मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देत बसते, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच टाकू. मी २०१८ पासून अस्टोरियाच्या धक्क्यावरून वॉल स्ट्रीटला जाते. कोविडचा काळ सोडला तर आठवड्यातून तीन-चार दिवस तरी. म्हणजे बोटीबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे. आणि मी काम करते अकाउंट्समधे, त्यामुळे दुसरा भाग, म्हणजे तिकीट किती, का तेवढंच, आणि उरलेले पैसे कोण भरतं, हा पण मला सोडवत नाही. ज्यांना फक्त बोटीचं ऐकायचंय त्यांनी पुढचे दोन पॅरा वाचून थांबलं तरी चालेल, पण पुढचं वाचलंत तर जास्त बरं वाटेल मला.

तर बोट. अस्टोरियाचा धक्का हॅलेट्स पॉइंटला आहे, शेजारीच सरकारी घरांची मोठी वस्ती, आणि तिथून सबवे स्टेशन चांगलं वीस मिनिटं चालत. हिवाळ्यात नदीवरून वारा येतो तेव्हा ती वीस मिनिटं जीव काढतात. अशा ठिकाणी पाण्यावरून सरळ पाऊण तासात मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला नेऊन सोडणारी बोट म्हणजे काय सोय आहे ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं. बोट आत उबदार असते, बसायला जागा, चहा-कॉफीचा काउंटर, वरचा डेक उघडा. रूझवेल्ट आयलंड जातं, क्वीन्सबरो ब्रिज डोक्यावरून जातो, लाँग आयलंड सिटीला ती जुनी पेप्सीची लाल पाटी दिसते, मग एकामागून एक विल्यम्सबर्ग, मॅनहॅटन आणि ब्रुकलिन हे तिन्ही पूल. सात वर्षांत मला कंटाळा आलेला नाही.

धक्क्याला लागताना बोट आडवी होत नाही, नाक पुढे करून धक्क्याला टेकते आणि इंजिनच्या जोरावर तशीच दाबून धरलेली असते. डेकवरचा माणूस दोर टाकतो, फळी लावतो, उतरणाऱ्यांना आधी सोडतो आणि मग आमच्या फोनवरचं तिकीट बघत एकेकाला आत घेतो. आमच्या सकाळच्या बोटीवर एक जण असायचा, त्याच्या मुठीत ते छोटं मोजायचं यंत्र, माणूस आत आला की अंगठ्याने टक. थंडीत ग्लोव्हज घालून पण तो अंगठा चुकायचा नाही. सुरुवातीला मला वाटायचं की बोटीवर किती माणसं आहेत ते सुरक्षेसाठी माहिती पाहिजे म्हणून मोजतात, आणि ते खरंच आहे, पण नंतर लक्षात आलं की त्या एकेका टक वर दुसरा एक मोठा आकडा उभा असतो. त्याच्यावर येते.

२०१९ च्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला पहिल्या दिवशी सबवे अजिबात आवडली नाही, दुसऱ्या दिवशी फेरीने नेलं तर एकदम खूश. वरच्या डेकवर बसलो, ती रेलिंगला धरून बघत होती, आणि ब्रुकलिन नेव्ही यार्ड गेल्यावर म्हणाली, "अगं, एवढी मोठी बोट, एवढी माणसं कामाला, डिझेल किती जळत असेल, आणि तिकीट पावणेतीन डॉलर? यांना परवडतं कसं?" मी म्हणलं आई, सबसिडी असते गं. ती म्हणाली, "असते ते कळलं, पण किती?" आणि मला सांगता येईना. रोज त्या बोटीने जाणारी, दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासणारी मी, आणि मला माहीतच नाही. आईने आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिली आहे, तिला "असते" हे उत्तर चालत नाही. त्या रात्री घरी येऊन शोधायला बसले आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागलाय.

थोडी मागची गोष्ट. ईस्ट रिव्हरवर २०११ मधे आधी एक फेरी सुरू झाली होती, तिचं तिकीट सोमवार ते शुक्रवार ४ डॉलर आणि शनिवार-रविवार ६ डॉलर होतं. मग महापौर बिल डी ब्लासिओ यांनी शहरभराची फेरी काढायची ठरवली आणि १ मे २०१७ ला एनवायसी फेरी सुरू झाली, चालवायला हॉर्नब्लोअर ही कंपनी, आणि शहराच्या वतीने करार बघायला ईडीसी म्हणजे शहराचं आर्थिक विकास महामंडळ. तिकीट ठेवलं २.७५ डॉलर. का, तर सबवेचं पण तेव्हा तेवढंच होतं. सांगायला सोपं, ऐकायला छान, पाण्यावरचा प्रवास पण सगळ्यांना सारखाच. मला पण तेव्हा हे मनापासून आवडलं होतं आणि त्यामागची भावना आजही चुकीची वाटत नाही.

पण नीट बघितलं तर ती बरोबरी अर्धीच होती. सबवेतून उतरून बस घेतली तर दुसरं तिकीट लागत नाही, फेरीचं तसं नाही, फेरीचं तिकीट वेगळं आणि एमटीएचं, म्हणजे सबवे-बस चालवणाऱ्या संस्थेचं, वेगळं. म्हणजे जो माणूस धक्क्याला लागूनच असलेल्या नव्या काचेच्या टॉवरमधे राहतो आणि उतरल्यावर चालत ऑफिसला जातो त्याला तेव्हा २.७५ आणि जिला आधी बसने धक्क्यापर्यंत यायचंय तिला साडेपाच. ब्राँक्समधल्या साउंडव्ह्यूच्या किंवा शहराच्या टोकाला समुद्राकाठच्या रॉकअवेच्या लोकांचा विचार करा, त्यांना फेरीची गरज सगळ्यात जास्त आणि दोनदा पैसे भरायची वेळ पण त्यांच्यावरच. एकच भाडं म्हणजे सगळ्यांना न्याय असं धरून चालणं मला तिथे खटकतं, कारण भाडं हे धक्क्यापासून मोजत नाहीत, घरापासून मोजतात.

हीच गोष्ट स्टेटन आयलंडच्या (शहराचाच भाग असलेलं बेट) फेरीच्या बाबतीत शहराने फार आधी समजून घेतली होती. ती केशरी बोट सगळ्यांना माहितीये, २५ मिनिटांचा प्रवास, दिवसरात्र चालू. तिचं भाडं १८९७ पासून १९७२ पर्यंत ५ सेंट होतं, मग १० झालं, १९७५ ला २५, १९९० ला ५०. आणि १९९७ मधे, जेव्हा मेट्रोकार्डवर (सबवे-बसचं तेव्हाचं कार्ड) बस-सबवे ट्रान्सफर फुकट करून सगळ्या शहराला एकच भाडं लावायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की स्टेटन आयलंडवाल्याला मधे फेरीचे पैसे वेगळे पडतायत, म्हणून ४ जुलै १९९७ पासून फेरीचं भाडंच काढून टाकलं. शून्य. तेव्हा पूर्ण प्रवासाचा विचार करून भाडं ठरवलं होतं. आणि मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती फेरी शहराचं परिवहन खातं स्वतः चालवतं, म्हणजे तिचा खर्च शहराच्या बजेटमधे त्या खात्याच्या नावाखाली बसतो. तिकीट शून्य असलं तरी खर्च कुठे शोधायचा ते माहिती असतं.

एनवायसी फेरीचं तसं नाही आणि इथूनच अडचण सुरू होते. ईडीसी हे शहराचं खातं नाही, शहराशी करार करून काम करणारं ना-नफा महामंडळ आहे. शहराच्या मालकीच्या जागा ते सांभाळतं, त्यांचं भाडं गोळा करतं, आणि त्याचे स्वतःचे ताळेबंद वेगळे निघतात. म्हणजे फेरीवर गेलेला पैसा शोधायचा तर थोडा इथे, थोडा तिथे. मी अकाउंट्समधली असून पहिल्या वेळी मला तीन रात्री लागल्या कुठला आकडा कुठे बसतो ते समजायला, साध्या प्रवाशाने काय करायचं.

आता आईचा प्रश्न. मार्च २०१९ मधे सिटीझन्स बजेट कमिशन या संस्थेचा अहवाल आला होता, त्यांनी काढलं की फेरीच्या एका फेरीमागे (म्हणजे एका माणसाच्या एका प्रवासामागे) १०.७३ डॉलर सबसिडी जाते, सबवेच्या सुमारे दहापट. सेवा सुरू करताना शहराचा अंदाज होता ६.६० डॉलर. मी आईला हे सांगितलं तर ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी दोन वेळा गेले तर एकवीस डॉलर कोणीतरी माझ्यासाठी भरले." हो, भरले. तिला वाईट वाटलं नाही, पण तिला ते माहिती असावंसं वाटलं. मला पण एवढंच म्हणायचंय खरं तर.

मग जुलै २०२२ मधे शहराचे तेव्हाचे कंट्रोलर (शहराचे हिशोब तपासणारे) ब्रॅड लँडर यांच्या ऑफिसचं ऑडिट आलं आणि ते वाचून मी खरंच हादरले. ऑडिटचं म्हणणं असं की फेरीवर झालेला २२ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपासचा खर्च ईडीसीने फेरीचा खर्च म्हणून दाखवलाच नव्हता. आर्थिक वर्ष २०२१ मधे (जुलै २०२० ते जून २०२१) दर प्रवासामागे सबसिडी ८.५९ डॉलर सांगितली होती, ऑडिटच्या हिशोबाने ती १२.८८ निघाली. ४.२९ डॉलरचा फरक, एका माणसाच्या एका प्रवासात. म्हणजे जो भाग लपून राहिला तोच तिकिटापेक्षा मोठा! ईडीसीने यातल्या बऱ्याच गोष्टींवर आक्षेप घेतले होते हे पण सांगायला हवं, पण आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, खर्च झाला असेल आणि कशासाठी झाला ते माहिती असेल तर तो त्याच नावाखाली दिसला पाहिजे. दुसऱ्या कुठल्यातरी ओळीत तो आहे म्हणून सांगणं पुरत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात ना. सबसिडी देताय तर उघड द्या, त्यात लाजण्यासारखं काय आहे, सबवेला पण मिळते, रस्त्यांना पण मिळते.

आता इथे जरा थांबून हा "दर प्रवासामागे सबसिडी" आकडा बनतो कसा ते सांगते कारण सगळी भांडणं त्याच्यावरच होतात. साधा भागाकार, वर खर्च वजा तिकिटाचं उत्पन्न, खाली प्रवाशांची संख्या. एवढंच. वरच्या भागात काय धरायचं हा पहिला प्रश्न. कंपनीला चालवायचे दिलेले पैसे, डिझेल, विमा हे सगळे धरतात. पण बोट विकत घेतली त्याचं काय? धक्का बांधला, दुरुस्ती करायला गोदी उभी केली त्याचं काय? समजा एक बोट पंचवीस वर्षं चालणार असेल तर तिच्या किमतीचा पंचविसावा हिस्सा दरवर्षी घसारा म्हणून धरायला पाहिजे, तो धरला नाही तर बोटी आकाशातून पडल्यासारखं होतं. उलट सगळी किंमत एकाच वर्षात टाकली तर ते वर्ष उगाच भयानक दिसतं. दोन्ही चूक. माझं मत विचाराल तर दोन आकडे शेजारी शेजारी द्यावेत, एक फक्त चालू खर्चाचा आणि एक भांडवली खर्च धरून, आणि कुठला कुठला ते मोठ्या अक्षरात लिहावं. त्याने निम्मे वाद तिथेच मिटतील.

आणि खालचा भाग म्हणजे तो अंगठा, तो टक. बोट रिकामी गेली तरी डिझेल तेवढंच जळतं, कॅप्टनचा पगार तेवढाच, त्यामुळे माणसं कमी झाली की दर माणसामागचा आकडा फुगतो. आर्थिक वर्ष २०२१ हे पूर्ण कोविडचं वर्ष, मी स्वतः त्या काळात दोनदा बोटीवर गेले तेव्हा आत मोजून सहा-सात माणसं होती. म्हणून १२.८८ बघून लगेच "बंद करा ही फेरी" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, त्या वर्षीचा आकडा वाईट येणारच होता. पण तेच कारण ८.५९ ला पण लागू होतं ना. वर्ष तेच, माणसं तीच, आणि तरी एकाने आठ सांगावेत आणि दुसऱ्याने पावणेतेरा, हे कोविडमुळे होत नाही, हे वरच्या भागात काय धरलं आणि काय नाही त्याच्यामुळे होतं.

शिवाय सरासरी हा पण एक पडदाच असतो. रॉकअवेचा प्रवास तासाभराचा, आणि ईस्ट रिव्हरवर एका धक्क्यावरून समोरच्या धक्क्यावर जायला पाच मिनिटं, दोघांचं तिकीट एक आणि दोघांची "सरासरी सबसिडी" पण एक. रॉकअवेवर जास्त खर्च होतो, आणि माझ्या मते व्हायलाच पाहिजे, २०१२ च्या सँडी वादळानंतर त्यांची सबवे लाइन तुटली होती तेव्हा तात्पुरती फेरी दिली होती, ती ऑक्टोबर २०१४ च्या शेवटी बंद केली आणि त्या लोकांनी परत मिळावी म्हणून किती वर्षं मागणी केली. तिथे पैसा घालणं मला पटतं. पण मार्गावार आकडे समोर असतील तर तो पैसा कुठे जातोय आणि का, हे बोलता येईल. नाहीतर मग रॉकअवेच्या म्हातारीच्या नावाने माझ्यासारख्या पगारदार बाईला स्वस्त तिकीट मिळत राहतं.

२०२३ मधे मी भावाकडे व्हँकुव्हरला गेले होते, तेव्हा त्याच्याबरोबर त्सावासेनहून स्वार्ट्झ बे ला बीसी फेरीजने (ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली फेरी कंपनी) गेलो. दीड तासाच्या वर प्रवास, खाली गाड्या, वर आम्ही. त्या बोटीवर कॉफी पीत मी त्याला हेच सगळं सांगत होते तर तो म्हणाला, ताई, आमच्याकडे याला कमिशनर असतो. मला खरं वाटेना. पण आहे. ब्रिटिश कोलंबियात २००३ च्या कायद्याने फेरी कमिशनर हे स्वतंत्र पद केलंय आणि तो चार-चार वर्षांसाठी भाड्याची कमाल मर्यादा ठरवून देतो. गंमत म्हणजे तो एकेका तिकिटाची किंमत ठरवत नाही, सगळ्या मार्गांचं वजन धरून काढलेली सरासरी त्या मर्यादेच्या वर जाता कामा नये, आत मग कंपनी एखादं तिकीट वाढवू शकते, एखादं कमी करू शकते, गर्दीच्या वेळी जास्त, रिकाम्या वेळी स्वस्त असं. मोठी खरेदी, म्हणजे नवीन जहाजं वगैरे, करायच्या आधी पण कमिशनरची मंजुरी लागते, कारण आज घेतलेलं जहाज उद्याच्या भाड्यात येणार.

आणि तिथला जो आकडा मला सगळ्यात आवडला तो हा. १ एप्रिल २०२४ पासून ३१ मार्च २०२८ पर्यंतच्या चार वर्षांसाठी कमिशनरचा प्राथमिक हिशोब होता की भाडं दरवर्षी सरासरी ९.२ टक्क्यांपर्यंत वाढवावं लागेल. प्रांत सरकारने दिलेले ५० कोटी कॅनेडियन डॉलर धरल्यावर मर्यादा ३.२ टक्के झाली. बघा, किती स्वच्छ आहे ते. हे पैसे नसते तर इतकं, दिल्यावर इतकं, मधला फरक म्हणजे सरकारच्या पैशाने काय विकत घेतलं ते. रस्त्यावरच्या माणसाला पण कळतं. तिथले लोक फेरीवर खूश आहेत असं अजिबात नाही, भाऊच अर्धा तास तक्रारी करत होता, पण तक्रार करताना त्याच्याकडे आकडे होते.

डिझेलचं पण तसंच. डिझेल महागलं किंवा स्वस्त झालं की फरक एका वेगळ्या खात्यात साठवत जातात आणि त्याच्यावरून प्रवाशाला थोडा सरचार्ज लावतात किंवा उलट सूट देतात. मला हे एवढं भिडलं कारण त्याच्या आदल्या वर्षी आम्ही इथेच दुसऱ्या एका राज्यात एका बेटावर गेलो होतो, खाजगी बोट होती, नाव घेत नाही. वेबसाइटवर एक भाडं, पैसे भरताना शेवटच्या पानावर माणशी साडेसात डॉलर "फ्युएल". चौघांचे जाऊन-येऊन साठ डॉलर जास्त. खिडकीवर विचारलं की हे कुठल्या हिशोबाने लावता, डिझेल उतरलं तर कमी होतं का, तर ती मुलगी बिचारी म्हणाली मला माहीत नाही, सिस्टिममधेच येतं. तिची चूक नव्हती. पण मुलांना घेऊन रांगेत उभं असताना, मागे लोक, परत जायला दुसरी बोट नाही, अशा वेळी माणूस गुपचूप पैसे भरतो. पाण्याच्या पलीकडे जायला एकच वाट असते तेव्हा भाड्यावर कोणाची तरी नजर पाहिजे ती याच्यासाठी.

परत आपल्या फेरीकडे. ऑडिट आलं त्याच महिन्यात महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी नवीन योजना आणली आणि १२ सप्टेंबर २०२२ पासून एका फेरीचं तिकीट ४ डॉलर झालं, म्हणजे फिरून २०११ च्या आकड्यावर. पण त्याबरोबर दोन चांगल्या गोष्टी केल्या. दहा फेऱ्यांचा पास २७.५० ला ठेवला, म्हणजे रोज जाणाऱ्याला तेच जुने २.७५. आणि ६५ च्या पुढचे, अपंग प्रवासी, आणि कमी उत्पन्नवाल्यांच्या फेअर फेअर्स योजनेतले लोक यांना १.३५ डॉलर. सप्टेंबर २०२४ मधे परत वाढ झाली, तिकीट ४.५०, दहाचा पास २९, सवलतीचं १.४५. आमच्या बोटीवर पहिल्या वाढीच्या वेळी बरीच कुरबुर झाली पण मला ही रचना आधीच्यापेक्षा जास्त न्यायाची वाटते, आणि हे मी रोज पैसे भरणारी म्हणून सांगते. जो वर्षातून एकदा फोटो काढायला येतो तो थोडे जास्त देईल, रोजच्याला आहे तसं, आणि ज्याला खरंच परवडत नाही त्याला निम्म्याहून कमी. सगळ्यांना सरसकट स्वस्त करण्यापेक्षा हे बरं. फक्त सवलतीसाठी आधी अर्ज करावा लागतो आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांनाच ते माहिती नसतं. आमच्या धक्क्यावर एक आजोबा यायचे, शेजारच्या सरकारी घरांमधले, बरेच महिने पूर्ण तिकीट काढत होते. मी एका सकाळी बाकावर बसून त्यांच्या फोनवर अर्ज भरून दिला. नंतर भेटले की हात वर करून दाखवायचे.

ट्रान्सफरचं, म्हणजे त्याच तिकिटावर बस-सबवेला जाण्याचं, मात्र त्या योजनेतही राहिलंच. ते झालं असतं तर मी अजून एक मार्क दिला असता.

एक अजून गोष्ट जी फार लोकांच्या लक्षात नाही. फेब्रुवारी २०२४ मधे हॉर्नब्लोअर कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला होता, कर्जाची फेररचना करायला. त्यांचा नदीतल्या क्रूझचा धंदा बंद झाला. आमची फेरी एक दिवस पण थांबली नाही, सकाळी बोट वेळेवर, दोर टाकणारा तोच, कॉफीवाली तीच. पण मी त्या आठवड्यात बोटीवर बसून विचार करत होते की समजा उद्या चालवणारा बदलला तर नवीन माणसाला किती पैसे द्यायचे हे शहराला कशावरून कळणार, तर मागच्या हिशोबावरून. तो हिशोब अर्धवट असेल तर नवीन करारात पण आपण चाचपडत जाणार. हिशोब ठेवायचा तो फक्त ऑडिटवाल्यांसाठी नाही.

तर कोणी घ्यावी ही फेरी. तुमचं घर धक्क्यापासून दहा मिनिटांच्या आत आणि ऑफिस पण तसंच असेल तर डोळे मिटून घ्या, दहाचा पासच घ्या, सुटं तिकीट काढू नका. आधी बस घ्यावी लागत असेल तर दोन्ही तिकिटं बेरीज करून बघा, बहुतेक वेळा सबवे स्वस्त पडेल. आईवडील येणार असतील आणि ६५ च्या पुढचे असतील तर सवलतीचे नियम आधी वाचून ठेवा, आणि त्यांना वरच्या डेकवर बसवायचं असेल तर ऑक्टोबरनंतर कानटोपी न्या, आमच्या आईने ऐकलं नव्हतं. स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, तिच्यासाठी धक्क्याबाहेर कोणी तिकीट विकायला आलं तर एक सेंट देऊ नका.

माझे मार्क असे, बोट, माणसं आणि वेळ याला ५ पैकी ५. आत्ताच्या भाड्याच्या रचनेला ४, ट्रान्सफर नाही म्हणून एक कापला. हिशोबाला २, आणि हे २ पण ऑडिटनंतर निदान चर्चा तरी सुरू झाली म्हणून. मार्गावार सबसिडी, बोटी-धक्के धरून आणि न धरून असे दोन्ही आकडे, एका पानावर, वर्षातून एकदा, तिकिटाच्या त्याच अ‍ॅपमधे टाकले की मी लगेच येऊन मार्क वाढवीन. आई पुढच्या जूनमधे परत येतेय, तिने फोनवर विचारलं की बोटीचं तिकीट आता किती झालं, मी सांगितलं, तर म्हणाली, "बरं, आणि वरचे?"